रीतीसह उत्तर

शाळेंतील गणिताच्या उत्तरपत्रिका तपासण्याचा एक जुना संकेत आहे. नुसतें उत्तर बरोबर असून भागत नाहीं. रीत दाखवावी लागते. रीत बरोबर असून शेवटच्या बेरजेंत एखादा हातचा राहिला, तर विद्यार्थ्याला बहुतेक गुण मिळतात. उलट रीत न दाखवितां नुसतें अचूक उत्तर लिहिणाऱ्याकडे परीक्षक संशयानें पाहतो. लहानपणीं हा संकेत जाचक वाटतो खरा. परंतु त्याच्या पोटीं एक मोठें तत्त्व आहे. उत्तर एका प्रसंगापुरतें उपयोगी पडतें, रीत सर्व प्रसंगीं. आणि चूक झाली असतां ती कोठें झाली हें रीतीवांचून शोधतां येत नाहीं. गेल्या शंभर वर्षांत गणिताच्या एका शाखेंत या तत्त्वाची चांगलीच कसोटी लागली. ती शाखा म्हणजे आंशिक अवकल समीकरणें अंकांच्या साह्यानें सोडविण्याची विद्या; आणि तिचें आजचें एक रूप म्हणजे कोणासही वाचतां, वापरतां व सुधारतां येतील अशा मुक्तस्रोत संगणक-आज्ञावली. या विद्येचा इतिहास वाचकांपुढें थोडक्यांत ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नांव बिकट असलें तरी वस्तु परिचयाची आहे. तापत असलेला तवा, पुरानें फुगलेली नदी, आगगाडीच्या भारानें लवणारा पूल, समुद्रावरून येणारे मोसमी वारे, या सर्वांत कोणती ना कोणती राशि स्थळाप्रमाणें आणि काळाप्रमाणें एकाच वेळीं बदलत असते. अशा बदलाचा नियम ज्या भाषेंत मांडतात ती भाषा म्हणजे हीं समीकरणें. उष्णतेच्या वहनाचें समीकरण फूरिए या फ्रेंच गणितज्ञानें आपल्या १८२२ सालच्या ग्रंथांत विशद केलें. पाण्याच्या व हवेच्या प्रवाहाचीं समीकरणें नाव्हिए आणि स्टोक्स या दोघांच्या नांवांनीं प्रसिद्ध आहेत. परंतु समीकरण मांडणें निराळें आणि सोडविणें निराळें. वस्तूचा आकार अगदीं सुबक असेल तर एखाद्या सूत्रांत उत्तर बसवितां येतें. प्रत्यक्षांतलें धरण, विमानाचा पंख किंवा सह्याद्रीच्या कड्यांवर आपटणारा वारा हे कोणत्याच सूत्राला दाद देत नाहींत.

मग उपाय काय? उपाय धीराचा आहे. समजा, एक लोखंडी चौकोनी पत्रा आहे. त्याची एक कड निखाऱ्यांना लागून आहे व बाकीच्या तीन बर्फाला. त्या पत्र्यावर बुद्धिबळाच्या पटासारखीं घरें आंखावीं. सर्व स्थिरस्थावर झाल्यावर आंतील प्रत्येक घराचें उष्णमान त्याच्या चार शेजाऱ्यांच्या उष्णमानांच्या सरासरीइतकें असतें, हा समीकरणाचा इत्यर्थ. तेव्हां प्रथम अदमासानें आंकडे भरावे आणि मग घराघराला सरासरी घेत पटावरून पुन्हां पुन्हां फिरावें. आंकडे हलावयाचे थांबले कीं उत्तर हातीं आलें. यांत बेरीज आणि भागाकार यांपलीकडे कांहीं नाहीं. परंतु घरें जितकीं बारीक तितकें उत्तर खरें. आणि घरें बारीक केलीं कीं तीं हजारोंनीं होतात व फेऱ्या शेंकड्यांनीं. या कामास प्रतिभा कमी आणि हात पुष्कळ लागतात.

हे हात जमविण्याची हिंमत ज्यानें पहिल्यांदा केली, तो लुइस फ्राय रिचर्डसन नांवाचा इंग्रज. त्याचा जन्म १८८१ सालीं झाला. घराणें क्वेकर पंथाचें, म्हणजे युद्धास धर्मतःच विरोध करणारें. दगडी धरणाच्या पोटांत ताण कसे पसरतात याचें गणित त्यानें वरील पटाच्या रीतीनें केलें, आणि १९१० सालीं तो निबंध रॉयल सोसायटीपुढें ठेवला. आंकडेमोडीसाठीं त्यानें मुलें लाविलीं होतीं. मोबदला कामावर होता. जितके अंक अधिक तितके पैसे अधिक, आणि चुकलेलें काम हिशेबांत धरीत नसत. त्या काळीं इंग्रजींत ‘कॉम्प्युटर’ हा शब्द यंत्राचा वाचक नव्हता, अशा गणना करणाऱ्या माणसाचा वाचक होता, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

धरणानंतर रिचर्डसननें आकाशाला हात घातला. हवेचीं समीकरणें ठाऊक आहेत, आजची हवा मोजलेली आहे. मग उद्यांची हवा गणितानें कां सांगतां येऊं नये? पहिलें महायुद्ध चालू असतांना १९१६ सालीं त्यानें आपली वेधशाळेंतील नोकरी सोडली व शस्त्र न धरतां फ्रान्समध्यें जखमी सैनिकांची ने-आण करणाऱ्या पथकांत तो दाखल झाला. तेथें आघाडीमागच्या थंड निवाऱ्यांत, कामांतून उसंत मिळेल तेव्हां, त्यानें २० मे १९१० या होऊन गेलेल्या दिवसाचें भाकीत करावयास घेतलें. मध्य युरोपावरील दोन ठिकाणीं सहा तासांत हवेचा दाब किती बदलेल, एवढाच प्रश्न. पण कोष्टकें आंखून आंकडेमोड पुरी करण्यास सहा आठवड्यांचा काळ लागला. १९१७ सालच्या लढाईंत हें हस्तलिखित गहाळ झालें आणि कांहीं महिन्यांनीं बेल्जममध्यें कोळशाच्या ढिगाखालीं सांपडलें.

आणि उत्तर? उत्तर साफ चुकलें. गणितानें सांगितलें कीं, सहा तासांत दाब १४५ मिलिबारनें वाढेल. त्या दिवशीं दाब प्रत्यक्षांत जवळजवळ स्थिर होता; आणि एवढी उलथापालथ पृथ्वीवर सहा तासांत कोठेंच होत नाहीं. दुसरा कोणी असता तर त्यानें हे कागद पुन्हां कोळशाखालीं सारले असते. रिचर्डसननें १९२२ सालीं तें सर्व गणित, कोष्टकांसह आणि चुकलेल्या उत्तरासह, केंब्रिजच्या विद्यापीठमुद्रणालयामार्फत ग्रंथरूपानें छापून टाकलें. त्यांतच त्यानें एक अद्भुत कल्पना रंगविली: नाटकगृहासारखें एक गोल सभागृह, भिंतींवर पृथ्वीचा नकाशा, आणि आपापल्या प्रदेशाचें गणित करीत बसलेले ६४,००० गणक. मध्यें उंच व्यासपीठावर सूत्रधार. जो विभाग पुढें धांवेल त्यावर तो गुलाबी प्रकाश टाकतो, जो मागें रेंगाळेल त्यावर निळा. वेड्याचें स्वप्न म्हणून लोकांनीं तें बाजूस ठेवलें.

परंतु रीत छापलेली होती, आणि म्हणून ती मेली नाहीं. १९२८ सालीं कूरांट, फ्रीड्रिख्स व लेवी या तीन गणितज्ञांनीं दाखवून दिलें कीं, अशा पटावर काळाचें पाऊल घराच्या मानानें फार मोठें टाकलें तर चुका व्याजावर व्याज चढावें तशा फुगत जातात. रिचर्डसननें एकच पाऊल टाकलें होतें, तेव्हां त्याच्या फसगतीचें कारण हें नव्हे; पण तो पुढें चालला असता तर या खड्ड्यांतही पडला असता. १९५० सालीं चार्नी, फ्योर्टॉफ्ट आणि फॉन नॉयमन यांनीं समीकरणें सुलभ करून एनिॲक नांवाच्या विद्युत्-गणकयंत्रावर चोवीस तासांचें भाकीत काढलें. त्याला चोवीसच तास लागले. म्हणजे हवेच्या गतीशीं गणिताची गति कशीबशी जुळली. यंत्र अमेरिकन सैन्याचें होतें. हवामानखातें विमानमंत्रालयाकडे, म्हणजे पर्यायानें सैन्याकडे गेलें म्हणून १९२० सालीं जो दुसऱ्यांदा नोकरी सोडून गेला होता, त्याचें स्वप्न सैन्याच्या यंत्रावर खरें व्हावें, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. १९५३ सालीं निधन पावण्यापूर्वीं रिचर्डसनला हा प्रयोग कळला आणि त्यानें त्याचें मनापासून स्वागत केलें.

आता १४५ मिलिबारची चूक कोठें होती? आयर्लंडमधील हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनीं तें जुनें गणित, छापलेल्या कोष्टकांवरून, आधुनिक संगणकावर पुन्हां केलें. यंत्राचें उत्तर रिचर्डसनच्या उत्तराशीं जवळजवळ तंतोतंत जुळलें. याचा अर्थ असा कीं, आंकडेमोड प्रामाणिक होती. दोष आरंभींच्या आंकड्यांत होता: वारा आणि दाब यांच्या मोजमापांत परस्परांचा मेळ नव्हता, आणि त्यामुळें गणितांत क्षणिक लाटांचा कल्लोळ उठून तोच हवेचा कल भासला. आरंभींचे आंकडे योग्य रीतीनें गाळून घेतांच दाबाचा बदल एक मिलिबारहून कमी आला. लिंच यांचा या विषयावरील ग्रंथ २००६ सालचा. म्हणजे मूळ ग्रंथानंतर सुमारें ऐंशी वर्षांनीं एका परक्या देशांतल्या माणसाला ती चूक अचूक दाखवितां आली. रिचर्डसननें नुसतें उत्तर छापलें असतें तर हें शक्य होतें काय?

हवामानशास्त्राची वाट अशी उघड्यावरून गेली. स्थापत्याची व यंत्रविद्येची थोडी निराळी. चौकोनी घरांच्या पटावर वांकडेतिकडे आकार नीट बसत नाहींत, म्हणून त्रिकोणांच्या लहान लहान तुकड्यांनीं वस्तु झांकण्याची युक्ति निघाली. कूरांटनें ती १९४३ सालच्या एका निबंधांत सुचविली. विमानाचे सांगाडे तपासतांना टर्नर, क्लफ, मार्टिन व टॉप यांनीं तीच वाट १९५६ सालीं स्वतंत्रपणें प्रशस्त केली. आणि चीनमध्यें फेंग कांग या गणितज्ञानेंही बाहेरच्या जगाशीं संबंध तुटलेला असतांना ती शोधून काढली. इंग्रजींत तिला १९६० पासून ‘फायनाइट एलेमेंट’ म्हणतात. याच रीतीवर अमेरिकेच्या नासा या अंतराळसंस्थेनें ‘नास्ट्रान’ नांवाची मोठी आज्ञावली सरकारी खर्चानें करविली आणि ती बाहेरच्यांसही वापरावयास दिली. परंतु पुढें निरनिराळ्या कंपन्यांनीं तिच्यांत स्वतःची भर घालून आपापल्या आवृत्त्या विकावयास आरंभ केला. भर घालणाऱ्यास मोबदला मिळावा हें योग्यच. पण १९९९ सालीं त्यांतील एका कंपनीनें आपल्या दोन्ही प्रतिस्पर्धी कंपन्या विकत घेतल्या, आणि लोकांच्या पैशांतून जन्मलेली विद्या एका घरीं जाऊन बसली. शेवटीं तेथील व्यापारनियामक आयोगास मध्यें पडावें लागलें, व २००२ सालच्या तडजोडीनें त्या कंपनीला आपल्या आज्ञावलीची मूळ संहितेसह प्रत दुसऱ्यांस देणें भाग पडलें.

आपल्याकडे हा प्रकार नवा नाहीं. गुणकारी मात्रेची कृति वैद्यबुवांनीं पोटच्या मुलालाही न सांगतां सरणावर न्यावी, अशा कथा गांवोगांव ऐकूं येतात. रोगी बरा होत होता, हें खरें. पण विद्या वैद्याबरोबर जळाली. बंद आज्ञावलीचें तसेंच आहे. ती उत्तर देते, बहुधा चांगलेंच देते. पण तें कसें आलें हें विचारण्याची सोय नसते. आणि ज्या उत्तराच्या भरंवशावर धरण बांधावयाचें, तें उत्तर निव्वळ श्रद्धेनें घ्यावयाचें असेल, तर शास्त्र आणि कौल लावणें यांत अंतर तें काय राहिलें?

या स्थितीला दोन बाजूंनीं उतारा मिळाला. एक बाजू गणितज्ञांची. इंग्लंडांतील विल्किन्सन व त्यांचे सहकारी यांनीं आपल्या आकडेमोडीच्या रीती पूर्ण स्वरूपांत प्रसिद्ध केल्या होत्या. अमेरिकेंतील आर्गोन प्रयोगशाळेनें १९७० नंतर त्या आज्ञावलींच्या रूपानें सर्वत्र वांटल्या. दुसरी बाजू कायद्याची. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं मुक्त आज्ञावलींची चळवळ पुकारली आणि १९८९ सालीं एक अपूर्व परवाना लिहिला. आज्ञावली वापरा, वाचा, बदला, वांटा. मात्र बदललेली आज्ञावली दुसऱ्यास द्याल तर हेच हक्क त्यासही द्या, असा त्याचा मथितार्थ. सत्पात्रीं दिलेल्या दानानें पुढचें दान घडावें अशी ही तजवीज होती.

या दोन प्रवाहांच्या संगमावर आज जीं कामें उभीं आहेत त्यांपैकीं तिहींचा उल्लेख पुरे आहे. हायडेलबर्ग येथें बांगर्थ, हार्टमन व कान्शाट या तरुण गणितज्ञांनीं ‘डील-टू’ नांवाचा संग्रह रचला व २००० सालीं तो जगापुढें ठेवला. याचा विशेष असा कीं, आज्ञावलीबरोबर तिचे क्रमवार पाठ दिलेले आहेत. पहिल्या पाठांत नुसती जाळी आंखावयाची, आणि चढत चढत वाचक कठीण समीकरणांपर्यंत पोंचतो. या कामास २००७ सालीं विल्किन्सन यांच्याच नांवाचें पारितोषिक मिळालें. दुसरें काम शिकागो व स्वीडनमधील चाल्मर्स येथील मंडळींनीं २००३ सालीं आरंभिलेलें ‘फेनिक्स’. त्यांत समीकरण कागदावर लिहावें तसेंच जवळजवळ यंत्राला सांगतां येतें. तिसऱ्याची कथा मात्र सर्वांत बोधप्रद आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत हेन्री वेलर यांनीं १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस प्रवाहगणिताची ‘फोम’ ही आज्ञावली लिहावयास घेतली. ती कांहीं काळ विकली गेली. परंतु १० डिसेंबर १९०४ च्या बरोबर नव्हे, तर त्यानंतर शंभर वर्षांनीं, म्हणजे २००४ सालीं त्याच दिवशीं, ती ‘ओपनफोम’ या नांवानें स्टॉलमन यांच्या परवान्याखालीं मुक्त करण्यांत आली. मोटारींच्या कारखान्यांपासून विद्यार्थ्यांच्या खोल्यांपर्यंत ती पसरली ती त्यानंतर.

येथें कोणी शंका काढील कीं, रीत उघडी असली म्हणजे उत्तर बरोबर येतें काय? नाहीं, येत नाहीं. आणि हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. २३ ऑगस्ट १९९१ रोजीं नॉर्वेंत स्टाव्हांगेरजवळ ‘स्लाइप्नर ए’ या तेलविहिरीच्या व्यासपीठाचा प्रचंड काँक्रीट पाया चांचणीसाठीं पाण्यांत उतरवीत असतां फुटून तळाशीं गेला. सुमारें सत्तर कोटि डॉलर्सचें नुकसान झालें. चौकशींत आढळलें कीं, नास्ट्रान वापरून केलेल्या गणितांत ऐन नाजूक सांध्यावर तुकडे ओबडधोबड पाडले होते, आणि तेथील कर्तन-ताण ४७ टक्क्यांनीं कमी धरला गेला होता. पुढें काळजीपूर्वक गणित केलें तेव्हां तो पाया ६२ मीटर खोलीवर फुटेल असें उत्तर आलें; प्रत्यक्षांत तो ६५ मीटरवर फुटला होता. येथें यंत्र चुकलें नाहीं, आज्ञावलीही चुकली नाहीं. तिला प्रश्न नीट विचारला गेला नाहीं आणि तिच्या उत्तरावर कोणी शंका घेतली नाहीं. उघडी वही कोणी वाचलीच नाहीं तर ती बंद वहीसारखीच.

दुसरी शंका अधिक व्यावहारिक आहे: फुकट वांटावयाच्या वस्तूची निगा कोण राखणार? मुक्त आज्ञावलींचें ओझें बहुधा थोड्याच लोकांच्या खांद्यावर असतें. विद्यापीठांत त्यांना मान मिळतो तो निबंधांसाठीं. आज्ञावलीच्या डागडुजीसाठीं क्वचित्. ही खरी अडचण आहे, आणि तिच्यावर उपाय पैशाचा व कृतज्ञतेचा, दोन्हीं प्रकारचा हवा. सार्वजनिक विहीर गांवानें खणावी, पण गाळ काढण्याची पाळी आली कीं प्रत्येकानें शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहावें, यांतला हा प्रकार आहे.

तथापि या विहिरीचें पाणी आपल्यापर्यंत पोंचलें आहे, हें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं अमेरिकेंतील हवामानकेंद्राचें गणिती प्रतिमान सहकार्यानें मिळविलें, त्याचें पोट उघडून मोसमी पावसाच्या दृष्टीनें त्यांत फेरफार केले, आणि त्यांतूनच संपूर्ण पृथ्वीच्या हवामानाचें स्वतःचें प्रतिमान उभें केलें. नुसतें उत्तर आयात केलें असतें तर हें झालें नसतें. मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें ‘फॉसी’ नांवाच्या उपक्रमानें ओपनफोमसारख्या आज्ञावली देशभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत नेल्या आहेत. मोठा परवाना विकत घेण्याची ऐपत नसलेल्या जिल्ह्याच्या गांवच्या मुलालाही आज तीच साधनें हातीं घेतां येतात, जीं लंडनच्या विद्यार्थ्याला मिळतात. आणि त्यानें एखादी चूक शोधून दुरुस्त केली तर ती दुरुस्ती लंडनच्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडते. ज्ञानाच्या व्यवहारांत आपण केवळ गिऱ्हाईक राहावयाचें कीं भागीदार व्हावयाचें, या प्रश्नाचा निकाल अशा ठिकाणीं लागत असतो.

रिचर्डसनच्या सभागृहांतील ६४,००० आसनें कधींच मांडलीं गेलीं नाहींत. पण देशोदेशींचे हजारों अनोळखी लोक एकाच पटावर आपापलें घर सांभाळीत, शेजाऱ्याचा आंकडा पाहून आपला आंकडा सुधारीत बसले आहेत, हें दृश्य त्या कल्पनेहून फारसें निराळें नाहीं. या पंगतीचा मूळ पुरुष कोण, असें विचारल्यास आम्ही त्या चुकलेल्या भाकिताच्या कर्त्याकडेच बोट दाखवूं. त्याचें उत्तर चुकलें होतें. पण त्यानें रीत दाखविली होती, आणि काळानें त्याला पुरे गुण दिले.